रिळाच्या जागी उंट

१

चोरी झाली होती यात शंका नव्हती. अडचण एवढीच, की कपाटातली एकही वस्तू कमी झाली नव्हती.

काकांनी काचेआडच्या वस्तू पुन्हा एकदा नजरेखालून घातल्या. काका म्हणजे वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल. निवृत्त होऊनही ते रोज यायचे, कारण दुसरीकडे कुठे जायचं हे त्यांना कधी सुचलंच नाही. आयुष्यभर त्यांनी रहस्यकथा वाचल्या, पण शेवटचं पान आधी वाचायची खोड असल्यामुळे एकही चोर त्यांना आपल्या बुद्धीने पकडता आला नव्हता.

‘जिवापाड जपलेली वस्तू’ हे प्रदर्शन त्यांच्याच डोक्यातून निघालं होतं. प्रत्येकाने आपली एक वस्तू आणायची आणि तिच्यामागची गोष्ट चार ओळींत कार्डावर लिहायची. वस्तू कोणाची हे मात्र कार्डावर लिहायचं नाही, म्हणजे लोक बुजणार नाहीत. कोणी आजोबांचा दाढीचा ब्रश आणला, कोणी एकच हातमोजा. एकीने पाडून टाकलेल्या घराची किल्ली आणली होती.

मधल्या फळीवर बुद्धिबळाचा लाकडी पट होता, सोंगट्या मांडून ठेवलेला. पांढऱ्यांतला एक उंट मालकिणीच्या लहानपणीच हरवला होता आणि त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ उभं होतं. कार्डावर लिहिलं होतं: ‘उंट हरवला तेव्हा आईने शिवणाच्या डब्यातून हे रीळ काढून दिलं. बाबा म्हणाले, हा उंट नाही, पण तिरका चालेल. पुढे आयुष्यभर चालला.’

शनिवारी सकाळी ते रीळ नव्हतं. त्याच्या जागी खरा उंट उभा होता. तेच लाकूड, तेच कोरीवकाम, डोक्यावर तशीच तिरपी खाच.

“अहो, मग बिघडलं काय?” वाचनालयाचे चिटणीस म्हणाले. “संच पूर्ण झाला.”

“पूर्ण होता,” मागून आवाज आला.

पटाच्या मालकीण, गणिताच्या बाई, दारात उभ्या होत्या. शाळा सुटून वर्षं लोटली तरी त्यांचा आवाज ऐकला की चिटणीसांचा हात आपसूक शर्टाच्या वरच्या बटणाकडे जायचा. बाई कपाटाशी आल्या आणि उंटाकडे बघत राहिल्या. आपल्या घरात परका माणूस खुर्चीवर बसलेला दिसावा तसं.

“काका, मला माझं रीळ पाहिजे,” त्या म्हणाल्या. “सोमवारी भाची मला न्यायला येतेय. घर सोडतेय मी, सामान वाटून टाकलं. आईचं म्हणून माझ्याजवळ एवढंच आहे. साडी नाही, भांडं नाही. फोटो आहे एक, त्यात ती हललीय.”

काकांनी उंट उचलून नाकाशी नेला. त्याला यंत्राच्या तेलाचा वास येत होता.

२

काल संध्याकाळी काकांनी स्वतः कपाटाला कुलूप लावलं, तेव्हा रीळ जागेवर होतं. किल्ली टेबलामागच्या खिळ्याला असते हे येणाऱ्याजाणाऱ्याला ठाऊक. आज दार उघडल्यापासून आत आलेली माणसं तीन. प्रदर्शन चकचकीत दिसतंय ना हे बघायला चिटणीस, फळ्यांवरच्या कापडाच्या सुरकुत्या काढायला शिवणवाल्या मावशी, आणि भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला घड्याळवाले.

काकांना माणसांना प्रश्न विचारायची सवय नव्हती. पुस्तक परत करायला उशीर झाला तरी ते स्वतःच दिलगिरी व्यक्त करत. पण बाई बाकावर बसून होत्या आणि उठायचं नाव घेत नव्हत्या.

“चिटणीससाहेब, राग मानू नका,” त्यांनी सुरुवात केली. “पण ते रीळ तुम्हाला खटकत होतं.”

“खटकत होतं म्हणजे? मी उघड सांगत होतो. एवढा देखणा संच आणि मध्येच शिंप्याचं रीळ. लग्नाच्या पंगतीत कुणी लुंगी लावून बसावं तसं. राजाच्या मागे लपवा, असंही सुचवलं होतं मी.”

“मग आज तुम्ही…”

“मी रीळ एक वेळ फेकून देईन हो. पण उंट कुठून आणू? बाजारात सुटा उंट मिळतो? तोही हुबेहूब?”

बोलणं चिटणीसांचं होतं, पण खरं होतं. काकांनी उंट काळ्या उंटाशेजारी धरून पाहिला. कोरणाऱ्याचा हात एकच. आज ठेवलेला उंट याच संचातला होता, लहानपणी हरवलेला.

म्हणजे तो हरवला नव्हता. तो कोणीतरी नेला होता आणि इतकी वर्षं जपला होता.

“काका, असे पांढरे का पडलात?” चिटणीस म्हणाले. “पाणी देऊ?”

“आपण आजचा चोर शोधतोय,” काका हळूच म्हणाले. “हा फार जुना चोर आहे.”

३

तेलाचा वास आणि दोऱ्याचं रीळ, दोन्ही बोटं शिवणवाल्या मावशींकडे दाखवत होती. काकांना ते इतकं सरळ वाटलं, की तिथेच त्यांचा धीर सुटला. कोणत्याही पुस्तकात पहिल्या बोटाने दाखवलेला माणूस चोर नसतो. पण हे पुस्तक नव्हतं, आणि मावशींच्या जिन्याच्या पायऱ्या चढून झाल्या होत्या.

“रीळ चोरलं? मी?” मावशींनी मशीन थांबवलं. “काका, त्या खोक्यात बघा. रिळं आहेत ती सगळी. नातवंडं गाड्या करतात त्यांच्या. दुसऱ्याचं रिकामं रीळ मी कशाला उचलू? घरी विहीर असून शेजाऱ्याकडे पाणी चोरायला जायची गत.”

“उंटाला तेलाचा वास येतोय,” काका पुटपुटले.

मावशींनी उंट हुंगला. “येतोय खरा. पण तो माझ्या घरातला नाही.”

“कशावरून?”

“तुमची बाही बघा.”

काकांनी पाहिलं. बसून पाच मिनिटं झाली नव्हती आणि बाहीवर निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. मांडीवर पांढरे.

“माझ्या घरातून जाणारा माणूससुद्धा दोरे घेऊन जातो,” मावशी म्हणाल्या. “तेलकट वस्तू इथून गेली असती तर तिला मिशा फुटल्या असत्या. चहा घेणार का माझ्यावर आणखी आळ घेणार?”

काका ओशाळले आणि चहा म्हणाले. मावशी आत गेल्या तेव्हा त्यांनी उंट खिडकीच्या उजेडात धरला आणि प्रथमच नीट पाहिला. बुडाचं हिरवं बनातीचं कापड नव्यासारखं होतं. म्हणजे हा उंट पटावर फारसा सरकलाच नव्हता. डोकं आणि खांदे मात्र हाताळून हाताळून चकाकत होते. आणि मानेभोवती एक बारीक खाच होती, कोरणाऱ्याने न कोरलेली. दोरी बांधून बांधून लाकूड झिजावं तशी.

हा उंट कुठेतरी टांगलेला होता, आणि कोणीतरी रोज त्याला हातात धरून ओढत होतं.

“मावशी,” त्यांनी आत बघत विचारलं, “माणूस रोज काय ओढतो?”

“विडी,” मावशी आतून म्हणाल्या. “आणि संसाराचा गाडा.”

४

रविवारी सकाळी काका बाईंच्या घरी गेले. घर म्हणजे आता नुसत्या भिंती होत्या. जिथे तसबिरी होत्या तिथे रंग ताजा राहिला होता, आणि त्या ताज्या चौकोनांवरून काय काय गेलं हे दिसत होतं. बाई एकुलत्या एका खुर्चीवर होत्या. काका खिडकीत टेकले.

“त्या दिवसाबद्दल सांगा,” ते म्हणाले. “उंट हरवला त्या.”

“दिवस असा नाही. एक दिवस लक्षात आलं, की नाही. बाबांनी कपाट सरकवलं, मी पलंगाखाली सरपटले. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, शोधू नका. तो गेलाय तिथे त्याची गरज असेल.”

“असं म्हणाल्या? गरज असेल?”

“हो. आम्ही हसलो. आई असंच काहीतरी बोलायची. सुई हरवली तरी म्हणायची, गेली असेल कुणाचं तरी फाटलेलं शिवायला.”

काका हसले नाहीत. “त्या सुमारास घरी कोण यायचं खेळायला?”

“खारू.” बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. “समोरच्या घरातला. माझ्याहून लहान. खिशात सदा काहीतरी भरलेलं, बिया, खडे, पेनांची टोपणं, म्हणून खारू. रोज संध्याकाळी पट मांडायचा आणि रोज हरायचा. हरला की म्हणायचा, ताई, उद्या. त्याच्या वडिलांची नोकरी एकाएकी सुटली आणि ती मंडळी दोन दिवसांत गाव सोडून गेली. आमचा डाव अर्धा पडला होता. पुढे मीही नोकरीसाठी बाहेर गेले. परत आले तेव्हा ती दोन्ही घरं पाडून झाली होती.”

“त्याला आज बघितलंत तर ओळखाल?”

“काका, त्याचे तेव्हा पुढचे दात पडले होते. एवढ्या खुणेवर म्हातारा कसा ओळखायचा?” बाई हसल्या, मग थांबल्या. “तुम्हाला वाटतं त्यानं नेला?”

काकांना भलतंच आठवत होतं. वस्तू मांडत होते त्या दिवशी एक माणूस खिशात हात घालून आला होता. वस्तू आणलीय म्हणाला. मग मधल्या फळीकडे बघून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, राहू द्या, माझी वस्तू काही एवढी खास नाही. खिशातला हात त्याने बाहेर काढलाच नव्हता.

काकांना तेव्हा वाटलं होतं, लाजतोय. लाजणारा माणूस त्यांना लगेच ओळखू यायचा. फक्त कशाला लाजतोय हे त्यांनी विचारलं नव्हतं.

५

घड्याळवाल्यांचं दुकान म्हणजे दोन कपाटांमधली फट. बायको गेल्यावर दोनेक वर्षांपूर्वी ते या गावात आले आणि कुणाशी फारसं न बोलता इथे बसू लागले. टेबलावर बारीक तेलाच्या बाटल्या, चिमटे, उघडी घड्याळं.

“हे पुढे जातंय का बघता?” काकांनी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. खोटं बोलताना त्यांचे कान लाल व्हायचे.

घड्याळवाल्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि न बघता उजवा हात वर नेला. डोक्यावर दिव्याची दोरी लोंबत होती. हात एका ठरावीक उंचीवर गेला आणि मिटला. मुठीत काही आलं नाही. त्यांनी वर पाहिलं, थोडं खाली चाचपलं, आणि दोरीच्या टोकाला बांधलेलं पितळी चाक चिमटीत धरून ओढलं. दिवा लागला. दोरी हात लागून लागून काळी पडली होती. गाठ मात्र नवी होती.

काकांनी खिशातून उंट काढला आणि दिव्याखाली ठेवला.

घड्याळवाल्यांनी तो उचलला नाही; काकांचं घड्याळ तेवढं परत पुढे सरकवलं.

“तुमचं घड्याळ बरोबर आहे, काका,” घड्याळवाले म्हणाले आणि त्यांनी भिंग काढलं.

“तुम्ही आला होतात त्या दिवशी हाच होता ना खिशात?”

“दुसरं काय असणार? जिवापाड जपलेलं आणा म्हणालात. माझ्याकडे जपलेलं असं हेच. किती गावं झाली, किती दुकानं झाली, पण दिव्याच्या दोरीला हाच. आणि तुमच्या कपाटात बघतो तर तोच पट. कोपऱ्यावर कंदील कलंडल्याचा डाग आहे, तो माझ्यामुळे पडलेला. त्याच्यावर सगळी मंडळी उभी, आणि माझ्या चोरीच्या जागी रीळ.” ते जरा थांबले. “मी मिरवायला घेऊन आलो होतो, काका. चोरलेली वस्तू.”

“म्हणून परत ठेवलात.”

“ठेवायलाच हवा होता.”

“पण रीळ का नेलंत?”

घड्याळवाल्यांनी ड्रॉवर उघडला. मऊ कापडात गुंडाळलेलं रीळ त्यांनी टेबलावर ठेवलं, एखाद्या महागड्या घड्याळासारखं.

“जागा करायला उचललं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे रिकाम्या हातानं परत येववेना. त्या घरातलं काहीतरी जवळ असायची सवय लागलीय. गावात परत आलो तर घरं पाडलेली; मला वाटलं, ती माणसं कधीच गेली असतील, पट कुण्या भंगारवाल्याकडून कुणाच्या हाती लागला असेल. कार्डावर नाव कुठे होतं?”

नाव न लिहिण्याची कल्पना आपली, हे काकांना आठवलं. आपल्या चांगल्या कल्पनांचं नेहमी असंच होतं, असंही वाटून गेलं.

“ते कार्ड तुमच्या ताईंनी लिहिलंय,” ते म्हणाले. “आणि उद्या त्या गाव सोडून चालल्या आहेत.”

६

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस संपत आला होता. लोक आपापल्या वस्तू घेऊन गेले होते. बाई वाचनाच्या टेबलाशी पटासमोर बसल्या होत्या. घड्याळवाले इस्त्रीचा शर्ट घालून आले, रीळ आणि उंट दोन्ही टेबलावर ठेवले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

“ताई,” ते म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“खारू? केवढा म्हातारा झालास रे.”

“तू तरी कुठे लहान राहिलीस?”

“बस.” त्यांनी रीळ उचलून तळहातावर घेतलं आणि मूठ मिटली. “आधी सांग. का नेलास?”

“आपला डाव अर्धा होता. मला वाटलं, उंट नसला तर तुम्हाला तो पुढे नेता येणार नाही. मग तुम्ही मला बोलवाल.”

“तुमचा पत्ता होता का आमच्याकडे?”

“हे तेव्हा सुचलं नाही.”

बाईंना हसू आलं, पण ते पुरं झालं नाही. “बाबांनी तो डाव कितीतरी दिवस मोडू दिला नाही. टेबलावर तसाच. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. खारू येईल म्हणायचे. शेवटी आईनं रीळ आणून ठेवलं आणि म्हणाली, खेळा आता. तिला ठाऊक होतं का रे?”

घड्याळवाल्यांनी मान डोलावली. “त्यांनी बघितलं मला. मी उंट खिशात टाकला आणि वळलो, तर त्या दारात. मला वाटलं, आता कान धरणार. त्या खाली वाकल्या, माझ्या खिशाचं बटण लावलं आणि म्हणाल्या, नीट ने, पडेल.”

काका पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. तिथे लावण्यासारखं काही नव्हतं, तरी ते पुस्तकं लावत राहिले. शोध लावला की आनंद होतो असं त्यांनी वाचलं होतं. त्यांना मात्र परक्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटत होतं, आणि बाहेर पडायचं मनही होत नव्हतं.

बाईंनी उंट उचलला. मानेभोवतीची खाच अंगठ्याने चाचपली आणि तो घड्याळवाल्यांपुढे सरकवला.

“हा घेऊन जा.”

“नाही, ताई. परत करायला आलोय मी.”

“आईनं दिलेलं परत घेणारी मी कोण? आणि आमच्या घरात उंट म्हणजे रीळच. याला पटावर ठेवला तर मी तिरकी चालसुद्धा विसरेन. दिवा लावायला उपयोगी पडतो ना? मग झालं.”

“अहो बाई, म्हणजे संच पुन्हा अपुरा,” चिटणीस लांबून म्हणाले.

“तुमच्या गणितात,” बाई म्हणाल्या. “तुमचं गणित मला माहितेय.”

चिटणीसांचा हात वरच्या बटणाकडे गेला.

घड्याळवाल्यांनी उंट हातात धरला. बोटं त्याच्याभोवती न बघता मिटली. मग त्यांनी तो खिशात टाकला आणि खुर्ची पुढे ओढली. बाईंनी पांढरी सोंगटी पुढे केली. जुना डाव दोघांनाही आठवत नव्हता. दोघांनीही आठवतोय असं भासवलं, एकमेकांना खोटं पाडलं आणि नवा मांडला. काकांनी त्यांच्यासाठी दिवे चालू ठेवले. बंद करायची वेळ होऊन गेली तरी कुणी उठेना, तेव्हा चिटणीसच जरा खाकरले.

डाव ऐन रंगात होता. बाई हरत होत्या, किंवा हरत असल्याचं दाखवत होत्या.

“थांबू इथे,” त्या म्हणाल्या. “माझ्या डोक्यात आहे. तू मात्र लिहून ठेव.”

त्यांनी काकांकडून एक कोरं कार्ड मागून घेतलं, त्यावर भाचीचा पत्ता आणि फोन नंबर ठळक अक्षरांत लिहिला आणि कार्ड घड्याळवाल्यांच्या हातात दिलं. मग सोंगट्या डब्यात भरल्या, रीळ सगळ्यात वर ठेवलं आणि झाकण लावलं.

“चाल तुझी आहे,” त्या उठत म्हणाल्या. “विचार करून कळव. पण फार विचार करू नकोस, खारू. आता आपल्याला तेवढी वर्षं नाहीत.”